वाद कोणाशी घालायचा, हे मी ठरवणार

गेल्या काही वर्षांत एक उपदेश सुजाण माणसांच्या तोंडी बसला आहे. निवडणुका जवळ आल्या की तो व्याख्यानांतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि घरी जेवायच्या पानावरही ऐकू येतो. उपदेश असा: व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर, एक्सवर आपण फक्त आपल्याच मताच्या माणसांशी बोलतो. विरुद्ध मताचा कोणी दिसला की त्याला म्यूट करतो, ब्लॉक करतो, नाहीतर ग्रुपच सोडून देतो. समाज दुभंगला तो यामुळेच. म्हणून प्रत्येकाने विरुद्ध मताच्या प्रत्येकाशी बोललं पाहिजे, आणि जो नकार देईल तो असहिष्णू किंवा भित्रा समजावा.

हे सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांना समाज सांधलेला हवा आहे, आणि मलाही तो तसाच हवा आहे. पण हा उपदेश चुकीचा आहे आणि त्यापायी भल्या माणसांचं नुकसान होतं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. राजकारणावर कोणाशी बोलायचं हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, आणि तो नीट वापरणं ही जबाबदारीही आहे. अट एकच. ही निवड समोरच्याच्या मतावरून करू नये. तो आपल्या शब्दाला जागतो की नाही, यावरून करावी.

आधी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आक्षेप निकालात काढू. 'तुम्ही मला ब्लॉक केलंत, म्हणजे माझा आवाज दाबलात,' हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेलं भाषणस्वातंत्र्य म्हणजे सरकारने तोंड दाबू नये याची हमी आहे. दुसऱ्या नागरिकाने आपलं ऐकलंच पाहिजे, अशी सक्ती त्यात कुठेही नाही. आवाज दाबणं म्हणजे काय हे महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१२ मध्ये पाहिलं आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीने तो मजकूर लाईक केला. पोलिसांनी दोघींना अटक केली. त्या अटकेनंतर श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. त्या दोघींवर राज्यसत्ता चालून आली होती. मी एखाद्याला ब्लॉक करतो तेव्हा त्याचं खातं शाबूत असतं, त्याचं मत शाबूत असतं, त्याचे श्रोतेही शाबूत असतात. त्याने गमावलेलं असतं ते फक्त माझं लक्ष, आणि माझ्या लक्षावर त्याचा हक्क कधीच नव्हता.

दुसरा दावा असा की विरुद्ध मतं सतत कानावर पडली की माणूस मवाळ होतो. हा दावा इतका रास्त वाटतो की तो तपासून पाहावा असं कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत तो तपासला गेला. ड्यूक विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ च्या अखेरीस ट्विटर वापरणाऱ्या डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन समर्थकांना थोडे पैसे देऊन महिनाभर एक खातं फॉलो करायला लावलं. त्या खात्यावरून विरुद्ध बाजूचे नेते, पत्रकार आणि संस्था यांचा मजकूर रोज त्यांच्यापुढे येत होता. महिना संपल्यावर रिपब्लिकन मंडळी पूर्वीपेक्षा ठळकपणे उजवीकडे सरकली होती. डेमोक्रॅट मंडळी किंचित डावीकडे गेल्यासारखी दिसली, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याइतका नव्हता. मवाळ मात्र कोणतीच बाजू झाली नव्हती. अमेरिकेतला निष्कर्ष जसाच्या तसा लातूरला किंवा ठाण्याला लावता येणार नाही, हे मान्य. पण 'विरुद्ध मताचा मारा सोसा म्हणजे समाज सांधेल' असं जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी निदान हा पुरावा खोडून दाखवला पाहिजे.

तिसरा दावा आपल्या घराघरांत ऐकू येतो. 'अरे, तो माणूस समोर भेटला की किती चांगला असतो! फोन हातात आला की काय होतं त्याला, कोण जाणे.' म्हणजे दोष पडद्याचा, माणसाचा नाही. म्हणून त्याला सांभाळून घ्या. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या अलेक्झांडर बोर आणि मिखाएल बँग पीटरसन यांनी अमेरिकेत आणि डेन्मार्कमध्ये नेमकं हेच तपासलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा की राजकीय वादात ऑनलाइन आक्रमक असणारी माणसं प्रत्यक्षातल्या राजकीय चर्चेतही आक्रमकच असतात. इंटरनेट त्यांना बिघडवत नाही. त्यांचं वागणं जास्त लोकांना दिसतं, एवढाच फरक. दुसऱ्यावर कुरघोडी करण्याची हौस जितकी मोठी, तितका आवाज मोठा. अशा माणसाशी आपण सौम्यपणे, पुरावे देत, रात्र रात्र बोलत राहिलो तर तो विचार करू लागेल, ही आशा बाळगणारे त्याला उलट हवं तेच देत असतात, ते म्हणजे समोर एक माणूस आणि भोवती बघे.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो, कारण तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. एकाच मताची माणसं एकत्र बसली की ती अधिक कडवी होतात. हे खरं आहे. २००५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेव्हिड श्केड, कॅस सनस्टीन आणि रीड हेस्टी यांनी एक प्रयोग केला. उदारमतवादी बोल्डर शहरातल्या लोकांचे छोटे गट आणि सनातनी कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरातल्या लोकांचे छोटे गट आपापसांत बोलायला बसवले. विषय होते हवामान बदल, वंशाधारित सवलती आणि समलिंगी जोडप्यांना मान्यता. चर्चेनंतर बोल्डरचे लोक आणखी डावीकडे गेले, स्प्रिंग्जचे आणखी उजवीकडे. इतकंच नाही, चर्चेपूर्वी प्रत्येक गटात जी थोडीफार मतभिन्नता होती तीही घटली. आपले पक्षनिष्ठ ग्रुप रोज हेच करतात. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि काल एकाच झेंड्याखाली असलेल्या माणसांनी आठवड्याभरात दोन ग्रुप काढून एकमेकांना गद्दार ठरवलं. प्रत्येक ग्रुपमध्ये शंका विचारणारा पहिला बाहेर गेला.

म्हणूनच मी म्हणतो की निवड मतावरून करू नका. पण इथून उपदेशक जी उडी मारतात ती मला मंजूर नाही. फक्त आपल्यांशी बोलणं वाईट आहे, यावरून प्रत्येकाशी बोलणं चांगलं आहे, हे सिद्ध होत नाही. या दोन टोकांच्या मधली जागा मोठी आहे आणि खरा संवाद आजवर त्याच जागेत झाला आहे.

शब्दाला जागणं म्हणजे काय, ते आपल्याच इतिहासात पाहू. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाच्या प्रकरणात 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारी पत्रं छापली. ती पत्रं टिळकांनी किंवा आगरकरांनी लिहिलेली नव्हती, त्यांच्याकडे कोणीतरी आणून दिलेली होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट निघाली. दोघा संपादकांनी माफी मागितली, तरीही १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. 'आमच्याकडे आलं तसं आम्ही छापलं,' एवढं म्हणून त्यांना हात झटकता आले नाहीत. मजकूर दुसऱ्याचा असला तरी तो पुढे नेणारा हात आपला आहे आणि त्या हाताची किंमत आपल्याला मोजायची आहे, हे त्यांनी भोगून दाखवलं.

आता आजचं दृश्य पाहा. एका कुटुंबाचा ग्रुप. सकाळी सुप्रभातच्या फुलांमागोमाग एक काका व्हिडिओ टाकतात. गर्दी, दगडफेक, पेटलेली हातगाडी. वर त्यांनी स्वतः लिहिलेली ओळ: 'आपल्याच राज्यातलं आहे, टीव्हीवर दाखवणार नाहीत.' कॉलेजात शिकणारी पुतणी व्हिडिओ थांबवून पाहते आणि विचारते, 'काका, हे कुठलं आहे? मागे दुकानाच्या पाटीवर बंगाली अक्षरं दिसतायत.' काकांचं उत्तर: 'मला आलं तसं पाठवलं. पटत नसेल तर सोडून दे.' ती पुन्हा लिहिते, 'पण काका, आपल्याच राज्यातलं, असं तुम्हीच वर लिहिलंय.' यावर उत्तर नाही. थोड्या वेळाने काकांकडून दुसरा व्हिडिओ येतो. मागोमाग अ‍ॅडमिन असलेल्या आत्या लिहितात, 'सर्वांना विनंती, ग्रुपवर राजकारण नको.'

या एका प्रसंगात मला जे म्हणायचं आहे ते सगळं आहे. काकांचं मत काय, ते कोणत्या पक्षाचे, हा प्रश्नच इथे येत नाही. काका उद्या दुसऱ्या बाजूचा, माझ्या आवडीच्या बाजूचा, असाच व्हिडिओ टाकतील तरी माझं म्हणणं हेच राहील. त्यांनी एक विधान केलं, ते चुकीचं असल्याचं दाखवून दिलं गेलं, आणि त्यांनी ना ते मागे घेतलं, ना त्याच्या बाजूने पुरावा दिला. ते विधान आपलंच नाही, असं म्हणून ते पुढच्या विधानाकडे गेले. अशा माणसाशी संवाद होऊ शकत नाही, कारण संवादाला लागणारं दुसरं टोकच तिथे नसतं. पुतणीने यापुढे या विषयावर काकांशी बोलायचं नाही असं ठरवलं, तर ती असहिष्णू नाही. तिने आपला वेळ आणि मनःस्वास्थ्य वाचवलं. दिवाळीला ती काकांच्या पाया पडेल, त्यांना दवाखान्यात घेऊन जाईल, त्यांच्या नातवाला गणित शिकवेल. नातं आहे म्हणजे राजकीय चर्चेचंही देणं लागतो, असा नियम कुठेही नाही.

आत्यांचा नियमही मला मान्य नाही, हे इथेच सांगतो. 'राजकारण नको' हा नियम निःपक्षपाती दिसतो, पण प्रत्यक्षात तो कधी लागू होतो ते पाहा. व्हिडिओ आला तेव्हा तो राजकारण नव्हता, ती 'माहिती' होती. संस्कृती, देश, धर्म, सण, सैनिक या नावांखाली येणारा प्रचार राजकारण ठरत नाही. राजकारण ठरतो तो त्यावर विचारलेला प्रश्न. म्हणजे नियम फक्त उत्तराचं तोंड बांधतो आणि पाठवणाऱ्याला मैदान मोकळं करून देतो. काही अ‍ॅडमिन पोलिसांच्या भीतीचं कारण पुढे करतात. दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा नियम करायचाच असेल तर असा करा: जे पाठवाल त्याचा उगम सांगा, विचारल्यावर उत्तर द्या, नाहीतर मागे घ्या. हा नियम सगळ्या पक्षांना सारखाच जाचक आहे, म्हणून तो न्याय्य आहे.

उपदेशक या टप्प्यावर महाराष्ट्राच्या वादसंवादाच्या परंपरेची आठवण करून देतात. ती परंपरा त्यांनी नीट पाहावी. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केलं. मंडळ जात मोडण्यासाठीच स्थापन झालेलं, म्हणजे दोघांची बाजू एक. पण भाषणाची छापील प्रत हाती पडल्यावर त्यातला काही मजकूर मंडळाला झेपेना आणि तो गाळावा असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी एक शब्दही बदलायला नकार दिला. मंडळाने परिषद रद्द केली. न दिलेलं ते भाषण बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने छापलं, तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यांनी सोबत छापला. त्यावर गांधीजींनी 'हरिजन'मधून टीका केली. बाजू विरुद्ध, मतभेद टोकाचे. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिला मुद्देसूद, धारदार उत्तर दिलं.

या दोन कृती शेजारी ठेवून पाहा. आपल्या बाजूच्या, पण शब्द गाळायला लावणाऱ्या व्यासपीठाला बाबासाहेबांनी नकार दिला. विरुद्ध बाजूच्या, पण आपल्या नावाने आणि कारणं देऊन लिहिणाऱ्या माणसाला त्यांनी आपल्या पुस्तकात जागा दिली. कोणाशी बोलायचं याची निवड यापेक्षा लख्ख शब्दांत कोणी सांगू शकणार नाही. ती मतावरून केलेली निवड नव्हती. आणि ती निवड नव्हतीच असं तर कोणीही म्हणू शकणार नाही.

आगरकरांचंही तेच. मतं पटेनात तेव्हा त्यांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. पुण्यातच राहून ते आणि टिळक आपापल्या पत्रांतून एकमेकांचे मुद्दे खोडत राहिले. त्या वादात कटुता होती, पण प्रत्येक ओळीमागे ती निस्तरणारा माणूस उभा होता. त्याच पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची, ते जिवंत असताना, प्रेतयात्रा काढली. त्या यात्रेतल्या प्रत्येकाशी आगरकरांनी चौकात उभं राहून वाद घालायला हवा होता, असं आज कोणी म्हणेल का? मग अशीच प्रेतयात्रा रोज ज्यांच्या फोनवर निघते, त्यांना तो उपदेश आपण कोणत्या तोंडाने करतो?

कसोटीला उतरणारी माणसं दुर्मीळ नाहीत, शोधावी मात्र लागतात. माझा एक शाळूसोबती लातूर जिल्ह्यात शेती करतो. मतदानयंत्रावर आम्ही दोघांनी एकाच चिन्हासमोरचं बटण क्वचितच दाबलं असेल. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आमचा व्हॉट्सअ‍ॅपवर सोयाबीनवरून वाद झाला. त्याचं म्हणणं, केंद्राने सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं आहे, भाव सुधारणार. मी विचारलं, 'ते ठीक, पण तुझा माल कितीला गेला?' संध्याकाळी त्याने अडत्याच्या पट्टीचा फोटो पाठवला. वजन, हमाली, तोलाई, आणि क्विंटलचा दर ४,८९२ रुपयांच्या हमीभावापेक्षा बराच खाली. फोटोखाली लिहिलं होतं, 'हे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातं, तरी बघ. केंद्रावर बारा टक्क्यांच्या वर ओल असली की माल परत. दसऱ्यानंतरचा पाऊस पडलेला, ओल बारावर आणायची कुठून? आता तू सांग, तुमच्या लोकांच्या राज्यात खरेदी केंद्रं वेळेवर उघडत होती का?'

या प्रश्नाला मला उत्तर द्यावं लागलं, आणि ते तपासून द्यावं लागलं, कारण त्याने स्वतःच्या बाजूला अडचणीचा ठरणारा कागद आधी माझ्यासमोर ठेवला होता. पुढे ओलाव्याची अट पंधरा टक्क्यांवर नेल्याची बातमी त्यानेच मला पाठवली आणि सोबत लिहिलं की बारदान नसल्यामुळे केंद्रावर अजून वजन सुरू नाही. त्याचं मत बदललं नाही, माझंही बदललं नाही. पण जाहीर झालेला भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव यांच्यामध्ये ओल मोजणारं यंत्र, बारदान आणि नोंदणीची रांग उभी असते, हे मला कोणत्याही अग्रलेखातून इतकं नेमकं कळलं नव्हतं. विरुद्ध मताच्या माणसाशी बोलण्याचा फायदा हा असतो. तो मिळतो तो पट्टीचा फोटो पाठवणाऱ्या माणसाकडून. 'मला आलं तसं पाठवलं' म्हणणाऱ्याकडून तो आजवर कोणाला मिळालेला नाही.

'सगळ्यांशी बोला' या उपदेशाची सर्वांत मोठी खोट अजून सांगायची आहे. त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. हा उपदेश बहुधा अशी माणसं करतात, ज्यांचं स्वतःचं अस्तित्व चर्चेचा विषय नसतं. एखादी स्त्री पत्रकार धरणाच्या गळतीवर लिहिते आणि उत्तरं तिच्या शरीरावर, चारित्र्यावर येतात. शिष्यवृत्ती थकल्याची तक्रार करणाऱ्या दलित विद्यार्थ्याला आधी आपली गुणवत्ता सिद्ध करायला सांगितलं जातं. मुसलमान माणूस रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलला तरी त्याच्याकडे देशभक्तीचा दाखला मागतात. मराठवाड्यात आरक्षणाच्या वादाने गावागावांत माणसं एकमेकांचं आडनाव पाहून बोलू लागली. परिस्थिती अशी की बीडच्या पोलिस दलाला २०२५ मध्ये टेबलांवरच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढावीशी वाटली. ज्या माणसाचं उत्तर आपल्या मुद्द्यावर नाही, आपल्या आडनावावर ठरतं, त्याच्याशी चर्चा चालू ठेवणं हे सहिष्णुतेचं लक्षण कसं? दोन माणसं वाद घालतात तेव्हा दोघांनाही काही गमवावं लागण्याची शक्यता असते. इथे एकाला रोज स्वतःचं माणूसपण पणाला लावावं लागतं आणि दुसऱ्याचा फक्त डेटा खर्च होतो. अशा माणसाला ब्लॉक करणाऱ्या मुलीला जेव्हा 'थोडं सहन करायला शीक' असं सांगितलं जातं, तेव्हा तो समाज सांधण्याचा सल्ला राहत नाही, ती अत्याचार करणाऱ्याची वकिली होते.

इथे एक गंभीर शंका घेतली जाईल आणि ती घेतलीच पाहिजे. सगळ्या शहाण्यांनी बेजबाबदार माणसांना सोडून दिलं, तर अफवांना अडवणार कोण? १ जुलै २०१८ चं राईनपाडा आपण विसरू शकत नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं हे गाव. आठवडी बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारून टाकलं. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्याआधी कितीतरी दिवस फोनांवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीलाही कळलं होतं की हा प्रश्न समजावून सुटणारा नाही, वेगाला आवर घालावा लागेल.

तेव्हा माझं उत्तर असं. जी अफवा कोणाच्या जिवावर, घरावर, दुकानावर उठू शकते, तिथे गप्प बसण्याची मुभा कोणालाच नाही. तिथे ताबडतोब, सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावाने लिहायचं: हे खोटं आहे, हा त्याचा पुरावा, हे पुढे पाठवू नका. गरज असेल तर पोलिसांना कळवायचं. पण हे लिहिणं पाठवणाऱ्याशी केलेली चर्चा नाही. ते ग्रुपमधल्या त्या न बोलणाऱ्या माणसांसाठी आहे, जी फक्त वाचतात आणि वाचून आपलं मत बनवतात. त्यांच्यासमोर एकदा स्पष्ट नोंद केली की काम झालं. त्यापुढे पाठवणाऱ्याच्या पुढच्या बारा संदेशांना उत्तर देत बसण्याची सक्ती कोणीही आपल्यावर करू शकत नाही. पुतणीने पाटीवरच्या बंगाली अक्षरांकडे बोट दाखवलं तेव्हाच तिचं नागरिक म्हणून असलेलं कर्तव्य पार पडलं होतं. काकांचं मन वळवणं हे तिचं कर्तव्य नव्हतं.

विरुद्ध बाजू समजून घेण्यासाठी तिच्या प्रत्येक समर्थकाशी बोलावं लागतं, हाही एक गैरसमज आहे. विरुद्ध बाजूची उत्तम मांडणी वाचावी. तिच्या नेत्यांची पूर्ण भाषणं ऐकावीत, कापलेले तुकडे नव्हेत. तिची दैनिकं चाळावीत, तिचे जाहीरनामे वाचावेत. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचून आपली मतं घडवली, आणि सनातन्यांचा युक्तिवादही त्यांना मुखोद्गत होता. वाचन सगळ्यांचं करावं. संवाद निवडून करावा. या दोन कामांची गल्लत झाल्यामुळेच आज अनेकांना वाटतं की रात्री बारापर्यंत अनोळखी माणसाशी भांडलो म्हणजे आपण लोकशाहीची सेवा केली.

तेव्हा 'सगळ्यांशी बोला' हा उपदेश मागे घ्यावा, असं माझं उपदेशकांना सांगणं आहे. त्याऐवजी त्यांनी प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा. तुमच्या फोनमध्ये विरुद्ध मताची, पण शब्दाला जागणारी, तीन-चार माणसं तरी आहेत का? नसतील तर तुम्ही स्वतःला कोंडून घेतलं आहे, बाहेर पडा आणि ती शोधा. असतील तर त्यांना जपा, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, त्यांच्यासाठी वेळ काढा. आणि हा वेळ कुठून काढायचा, तर जे प्रश्न विचारल्यावर पळतात, आडनाव पाहून बोलतात आणि खोटं उघडं पडल्यावर दुसरं खोटं आणतात, त्यांना दिला जाणारा वेळ काढून घ्या. त्यात आपल्या पक्षाची, आपल्या जातीची, आपल्या घरची माणसं असली तरी काढून घ्या. त्यांना दिली तेवढी मोकळीक विरोधकांना द्यायची नाही, अशी लबाडी केली तर ही सगळी कसोटी फुकट जाईल.

ही निवड एकतर्फी नसते, हेही लक्षात ठेवावं लागेल. लातूरचा माझा मित्र मला पारखतो आहे, त्या पुतणीसारखी घरातली मुलंही मला पारखत आहेत. मी काही पाठवलं आणि विचारल्यावर उगम सांगू शकलो नाही, तर त्यांनी माझ्याशी राजकारणावर बोलणं बंद करावं. तो त्यांचा अधिकार आहे आणि मी त्याला अन्याय म्हणणार नाही. मोठ्या आवाजापेक्षा खरेपणाला लक्ष मिळतं हे माणसांना दिसू लागलं, की ती आपोआप शब्द तोलून वापरू लागतील. आपलं लक्ष कोणाला द्यायचं हे ठरवणं एवढंच सामान्य नागरिकाच्या हातात आहे. ते त्याने कोणाच्याही भिडेपायी सोडू नये.